नऊ मीटरचा पतंग

पतंग विकत घेणे ही विचार करण्याची बाब आहे, असे मला साठी ओलांडेपर्यंत कधी वाटले नव्हते. आम्ही नागपूरचे. संक्रांत जवळ आली की दुकानात जायचे, गठ्ठ्यातला एक पतंग उचलायचा, कामट्या बोटांनी जरा वाकवून पाहायच्या, कागद उजेडाकडे धरून भोक नाही ना याची खात्री करायची, की झाली खरेदी. फसलो तर दोन-पाच रुपयांनी फसलो. शिवाय पतंग कितीही अवखळ निघाला, तरी तो आकाशात आणि आपण गच्चीवर, ही वाटणी कायमची ठरलेली.

आमच्या लेकीला हवा होता तो पतंग ही वाटणी मानणारा नव्हता. ती नोकरीनिमित्त हॉलंडात, हेग शहरी असते. तिथे समुद्र घरापासून सायकलच्या टप्प्यात, आणि वारा तर घरातच. तिला काइटसर्फिंगचा नाद लागला. पायाखाली एक फळी. कमरेला रुंद पट्टा. पट्ट्याला अडकवलेला हातभर दांडा, त्याला 'बार' म्हणतात. बारापासून निघालेल्या वीस-बावीस मीटर लांबीच्या चार दोऱ्या. आणि त्या दोऱ्यांच्या टोकाला पतंग. वारा पतंगाला ओढतो, पतंग माणसाला ओढतो आणि माणूस पाण्यावरून घसरत जातो. शिकवणीचे तास संपले, आता स्वतःचा पहिला पतंग घ्यायचा, अशा बेताला आम्ही उभयता तिच्याकडे जाऊन पोचलो.

माणसाने पतंगाला जुंपून घ्यायची हौस तशी जुनीच. ब्रिस्टल गावच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या एका शाळामास्तराने 1826 साली पतंगांनी ओढायच्या गाडीचे पेटंट घेतले होते. 1903 साली सॅम्युअल कोडी याने पतंगाने ओढलेल्या होडीतून इंग्लिश खाडी ओलांडली. पण आजच्या खेळाला खरे वळण दिले ते ब्रिटनीच्या लेगेन्यू बंधूंनी. त्यांनी 1984 साली पेटंट घेतलेल्या पतंगाच्या पुढच्या कडेला हवा भरायची नळी आहे. त्यामुळे तो पाण्यात पडला तरी बुडत नाही आणि पाण्यावरूनच पुन्हा उठवता येतो. 2024 साली पॅरिस ऑलिंपिकात हा खेळ पहिल्यांदा आला. शर्यती झाल्या मार्सेयच्या समुद्रात. एवढे कळल्यावर आमच्या 'ही'चा विरोध निम्मा मावळला. ऑलिंपिकात आहे म्हणजे अगदीच वाह्यात नसावे, असा आपला एक मध्यमवर्गीय हिशेब असतो.

पहिला धक्का दुकानात बसला. दुकानदाराने रंग विचारला नाही, किंमत विचारली नाही. पहिला प्रश्न, "वजन किती?" आपल्याकडे कापडाच्या दुकानात असे विचारले तर गिऱ्हाईक परत पायरी चढणार नाही. लेकीने निर्विकारपणे सांगितले, अठ्ठावन्न किलो. दुसरा प्रश्न, "कुठल्या किनाऱ्यावर उडवणार?" तिसरा, "शिकवणीत किती मीटरचा वापरला?" मीटर म्हणजे अर्थात चौरस मीटर. मुंबईकर वाचकांच्या सोयीसाठी सांगतो : दहा बाय दहाची खोली म्हणजे साधारण नऊ चौरस मीटर. चाळीतली एक अख्खी खोली आकाशात उडते आहे आणि आपली पोर तिला लटकली आहे, असे चित्र डोळ्यांपुढे आणा, म्हणजे त्या दुकानात माझे काय झाले असेल ते कळेल.

या खेळात पतंगाचे माप अंगावर बेतलेले असते आणि वाऱ्यावरही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगाची ओढ दुप्पट होत नाही. ती चौपट होते. बारा नॉटच्या वाऱ्यात ज्या पतंगाने तुम्हांला हळूच ओढले, तोच चोवीस नॉटमध्ये चौपट जोराने ओढणार. (एक नॉट म्हणजे ताशी पावणेदोन किलोमीटरहून थोडे अधिक.) हॉलंडात लोक वारा बोफोर्टच्या आकड्यांत बोलतात. चार म्हणजे अकरा ते सोळा नॉट, पाच म्हणजे सतरा ते एकवीस. सकाळी भाजीवालीशी बोलावे तसे लोक तिथे 'आज चार, दुपारी पाच' असे बोलत असतात. आमच्या लेकीच्या वजनाला, तिथल्या चार-पाचाच्या वाऱ्याला नऊ मीटर हे माप बसते, असे तिच्या शिक्षकाचेही मत आणि दुकानदाराचेही. हेच पंच्याऐंशी किलोच्या गड्याला विचाराल, तर त्याच वाऱ्यात त्याला बारा मीटरचा लागेल.

पण नव्या पतंगाची किंमत ऐकून आम्ही पाणी मागितले. मग जुन्या पतंगांचा शोध सुरू झाला, आणि तिथे खरा मोह आडवा आला. एका गृहस्थाकडे चौदा मीटरचा पतंग होता, बारासकट अवघ्या दोनशे युरोंना. नऊचा मिळत होता तो साडेचारशेला.

"कापड दीडपट आणि पैसे निम्म्याहून कमी!" ही म्हणाली. "थोडा मोठा असला तर काय बिघडलं? वापरायला होईल पुढे."

यात तिचा दोष नाही. आपल्याकडे शाळेचा गणवेश वाढत्या अंगाचा शिवतात, चप्पल एक नंबर मोठी घेतात आणि बाह्या दुमडून दोन वर्षे काढतात. पतंगाला मात्र दुमडायला बाह्या नाहीत. चौदा मीटरचा गृहस्थ स्वतः साडेसहा फूट उंच आणि शंभर किलोचा होता. त्याच्या हातात तो पतंग मांजरासारखा बसे. लेकीने हिशेब मांडून आईला दाखवला : त्याच वाऱ्यात नऊपेक्षा दीडपटीहून जास्त ओढ, आणि मध्येच वारा चढला तर देवाचे नाव.

फार लहान घेऊनही भागत नाही. सात मीटरचा पतंग गर्रकन वळतो, शिकाऊ हाताला तो आवरत नाही. आणि पाण्यातून फळीवर उठायला नवशिक्याला मुरलेल्या माणसापेक्षा जास्तच ओढ लागते. लहान पतंगाखाली तो दिवसभर पाणी पीत बसतो.

मापानंतर आकार. जुन्या वळणाचे पतंग इंग्रजी 'सी' अक्षरासारखे कमानदार असत. त्यांची ओढ पुरती सोडवता येत नसे. 2005 च्या सुमारास चपट्या कमानीचे पतंग बाजारात आले. त्यांचा गुण असा, की बार अंगापासून दूर सारला की पतंगातला जोर जवळजवळ निघून जातो. हा गुण नवशिक्याला का लागतो, हे मला वाळूवर उभे राहून चार जणांचे शिकणे पाहिल्यावर उमगले. माणूस घाबरला की हातातले घट्ट धरतो आणि छातीशी ओढतो. जन्मजात खोड आहे ती. आणि या खेळात बार छातीशी ओढला की पतंगाचा जोर वाढतो! म्हणजे भीतीने जे करावेसे वाटते, तेच नेमके धोक्याचे. नागपूरला मांजा हातातून सुटला तर पतंग गेला म्हणून पोर रडते. इथे पहिल्या दिवसापासून सोडायलाच शिकवतात. आधी बार सोडा. तरी भागले नाही तर कमरेपाशी असलेली लाल मूठ ढकला, पतंग एका दोरीवर लोळत खाली येतो. तरीही ओढतच राहिला, तर ती शेवटची दोरीही तोडा आणि पतंगाला राम म्हणा.

पतंगाच्या रंगाबद्दल, कंपनीबद्दल, शिवणीबद्दल लेकीने काय ते ठरवावे. माझी मागणी एकच होती. नऊ मीटरवाल्या बाईंच्या घरी गेलो तेव्हा मी म्हटले, "ती लाल मूठ दहा वेळा सोडून दाखवा." त्यांनी चहा बाजूला ठेवून दाखवली. सात वेळा सुटली, आठव्या वेळी अडली. आत वाळू गेली होती. धुतल्यावर चालू लागली खरी, पण बार नवाच घ्यायचा असे मी तिथल्या तिथे जाहीर केले. पतंग जुना चालेल, बार जुना नको. पैसे माझे, म्हणून या मुद्द्यावर मतभेद झाला नाही.

पतंगाची तपासणी मात्र नागपुरी डोळ्यांनी केली. या पतंगाचे कापड छत्रीच्या कापडासारखे, बारीक चौकटींचे. नवे असताना कोऱ्या नोटेसारखे वाजते. उन्हाने आणि वाऱ्यात फडफडून दमले की जुन्या धोतरासारखे मऊ पडते आणि मग केव्हाही टरकते. हे अजून वाजत होते. एक ठिगळ होते, पण नीट शिवलेले. नळीत हवा भरून पतंग तासभर तसाच ठेवला. बोटाने दाबून पाहिले, जसाच्या तसा टणक. एका जोडाशी शंका आली तर लेकीने साबणाचे पाणी लावले. पंक्चरवाला सायकलची ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे शोधतो, तीच विद्या. बुडबुडा आला नाही. दोऱ्या नव्या बाराबरोबर आल्याच. त्या चौघींची लांबी सारखी हवी. पुढच्या दोन जास्त भार सोसतात, म्हणून वापरून ताणतात आणि मग पतंग मागे मागे रेलू लागतो.

पतंग घरी आला आणि आठवडाभर वारा दोनाच्या वर गेला नाही. ही मनातून खूष होती. लेक खिडकीपाशी बसून झाडांची पाने मोजी. आठव्या दिवशी नैऋत्येचा वारा आला, चार ते पाच. तिचे शिक्षक ज्या ब्राउवर्सडामला शिकवतात, तिकडे आम्ही गेलो. समुद्राची दोन टोके बांधून काढलेला हा बांध 1971 साली पुरा झाला. त्याच्या बाहेरच्या अंगाला वाळूचा लांबच लांब पट्टा आहे. वारा समुद्राकडे नेणारा नाही, किनाऱ्याला धरून आहे, हे शिक्षकाने आधी पाहिले. मग तिच्या दोऱ्या तपासल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाला, पतंग तुम्ही धरा.

मी वीस मीटरांवर पतंगाची नळी दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. नागपूरला पतंग धरणाऱ्या पोराने तो वर भिरकवायचा असतो. इथे फेकायचा नाही, नुसता सोडायचा, आणि तोही उडवणाऱ्याने अंगठा वर केल्यावरच. कापड माझ्या हातात थरथरत होते. लांबवर ती पट्टा घट्ट करीत होती. ही वाळूत बसून पर्समधले काहीतरी शोधत असल्याचा बहाणा करीत होती. लेकीने एकदा लाल मुठीला हात लावून पाहिला, दोन पावले मागे सरकली आणि अंगठा वर केला. मी सोडला.