निदानपंचक आणि एक जुनी पद्मिनी

'निदान' हा शब्द मराठीत दोन कामे करतो. एक वैद्याचे : रोगाचे मूळ शोधणे. दुसरे गरजवंताचे : 'निदान एवढे तरी करा'. आम्ही साहित्याची माणसे पहिल्या अर्थावर हक्क सांगतो आणि बहुधा दुसऱ्यावर समाधान मानतो. या दोन अर्थांतले अंतर आम्हांस धर्मापुरीत, आमच्या दारातल्या मोटारीने नीट समजावून दिले, म्हणून हा प्रपंच.

धर्मापुरी हे बीड जिल्ह्यातले गाव जाणकारांना चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरासाठी आणि त्याच्या बाह्य भिंतीवरील सुरसुंदरींसाठी ठाऊक असते. आमच्या घरी मात्र दुसरीच एक पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची ही गाडी. मूळची इटलीची फियाट ११००, आणि १९७०च्या दशकात तिचे नाव पद्मिनी झाले. मुंबईच्या रस्त्यांवरची या जातीची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये निवृत्त झाली. आमची गाडी वडिलांची. त्यांच्या पश्चात ती चालती ठेवणे हा आमच्यासाठी हौसेपेक्षा श्राद्धाच्या जवळ जाणारा विषय आहे.

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी तिला दुखणे जडले. रस्त्यावर वेग घेतल्यावर ठणठणीत. पण थांबली की अंगभर थरथरे आणि बंद पडे. तालुक्याच्या गावातील एका गॅरेजात बॉनेट उघडण्यापूर्वीच उत्तर मिळाले : कार्बोरेटर बदला, नाहीतर भंगारात काढा. घरातही दुसऱ्या पर्यायाकडे कल झुकू लागला होता. तेव्हा आम्ही एका वृद्ध मिस्त्रींना बोलावले.

मिस्त्रींनी पाना हातात घेतला नाही. ते म्हणाले, "सर, गार असताना बंद पडते का गरम झाल्यावर?" मग, "चोक वढला की बरी चालते का?" आणि शेवटी, "पहिल्यांदा कधी अडखळली, ध्यानात हाय का?" दोन्ही वेळा बंद पडते, चोक ओढला की सावरते, महिनाभरापूर्वी सकाळी एकदोनदा अडखळली होती, असे आम्ही सांगितले.

आयुर्वेदाने रोग ओळखण्याची पाच साधने सांगितली आहेत. निदान म्हणजे कारण, पूर्वरूप म्हणजे आधीच्या खुणा, रूप म्हणजे लक्षणे, उपशय म्हणजे एखादा उपाय करून पाहून मिळालेली साक्ष, आणि संप्राप्ति म्हणजे कारणापासून लक्षणापर्यंत रोग कसा पोहोचला त्याची वाट. मिस्त्रींनी हा ग्रंथ वाचलेला नाही; पण त्यांच्या तीन प्रश्नांत पूर्वरूप, रूप आणि उपशय आले होते. चोक हवा अडवतो आणि इंधनाचे प्रमाण वाढवतो. त्याने गाडी सावरते याचा अर्थ तिला पेट्रोल कमी पडते, किंवा हवा जास्त मिळते.

पुढचे काम वगळण्याचे. चालू इंजिनाच्या प्लगची एकेक वायर त्यांनी क्षणभर काढली. चारही वेळा आवाज पडला; म्हणजे चारही सिलिंडर कामावर हजर होते. कार्बोरेटरच्या बुडाशी, गॅस्केटच्या कडेने तेलाचे थेंब सोडले. तिथून हवा आत शिरत असती तर तेलाने फट बुजून आवाज बदलला असता. तो बदलला नाही. मग मिश्रणाचा स्क्रू आत-बाहेर फिरवला. निरोगी गाडी या स्क्रूला लगेच उत्तर देते. आमची गप्प राहिली. मिस्त्री म्हणाले, "स्लो जेट."

गाडी उभी असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते. कार्बोरेटरच्या घशातून जाणारी हवा तेव्हा इतकी मंद असते की मुख्य जेटमधून पेट्रोल ओढले जात नाही. झडपेखालच्या पोकळीची ओढ एका वेगळ्या, अतिशय बारीक छिद्रातून ते आणते. वेगात धावणारी गाडी या छिद्रावाचून चालू शकते. थांबलेली शकत नाही. म्हणूनच दुखणे फक्त थांबल्यावर दिसे.

जेट काढला. त्यात काळा, मऊ कण अडकला होता. आम्ही तार शोधू लागलो तेव्हा त्यांनी हात धरला. तारेने छिद्र मोठे होते आणि मग मिश्रण कायमचे बिघडते. जेट हवेनेच फुंकायचा. तो साफ झाला, गाडी शांतपणे चालू लागली. इथे आम्ही समाधान मानले असते. मिस्त्रींनी मानले नाही. कण आला कुठून? त्यांनी पेट्रोलची रबरी नळी कापून आतून बोट फिरवले. बोट काळे झाले.

संप्राप्ति इथे पुरी झाली, आणि ती आमच्या जिल्ह्यातच येऊन थांबली. २०२३पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल येऊ लागले. जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी घडवलेले नव्हते. आधीच म्हातारे झालेले असे रबर इथेनॉलने फुगते आणि सुटू लागते. शिवाय एक भाग पेट्रोल जळायला सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९; म्हणजे जुन्या मापाच्या जेटला हे मिश्रण मुळातच पातळ पडते. हे इथेनॉल धान्यापासून होते, तसेच उसाच्या मळीपासून आणि रसापासूनही. आणि ऊस तोडायला दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती बीड जिल्ह्यातली माणसे. आमच्या वर्गातली काही बाके त्या महिन्यांत रिकामी असतात. त्या कोयत्यापासून या काळ्या कणापर्यंतची वाट आम्हांस कोणत्याही पुस्तकात सापडली नव्हती.

आम्ही वाङ्मय शिकवतो. प्रबंध तपासताना त्या पहिल्या गॅरेजची आठवण होते. कविता उघडण्यापूर्वीच उत्तर तयार असते. एखादा वाद आणून बसवला की सुटा भाग बदलल्याचे समाधान. कविता कुठे अडखळते, गार असताना की तापल्यावर, काय केले असता सावरते, हे विचारायला सवड नसते. आणि कधी अर्थ मोकळा करण्याच्या उत्साहात तारेने छिद्र मोठे केले जाते. मग ती कविता कोणाच्याही हाती पूर्वीसारखी चालत नाही.

नव्या गाड्या यंत्राला जोडल्या की बिघाडाचा क्रमांक सांगतात. सोय मोठी आहे. पण तो क्रमांक रूप सांगतो, संप्राप्ति सांगत नाही. मिस्त्रींनी नवी, इथेनॉल सोसणारी नळी बसवली आणि पैसे घेतले ते फक्त नळीचे. निदानाचे मोल विचारल्यावर म्हणाले, "सर, त्याचं काय घ्यायचं, ते तर गाडीनंच सांगितलं."