आधार कुठे आहे?

काही वर्षांपूर्वी १४ एप्रिलच्या निमित्ताने घेतलेल्या निबंध स्पर्धेसाठी नववीच्या एका विद्यार्थ्याने निबंध आणून दाखवला. अक्षर वळणदार, भाषा ओघवती आणि बाबासाहेबांची म्हणून पाच वाक्ये. मी विचारले, "बाळा, ही कुठून घेतलीस?" तो म्हणाला, "सर, मोबाइलवर आली होती. खाली बाबासाहेबांचे नाव होते." दोन दिवस आम्ही दोघांनी शासनाने प्रकाशित केलेले खंड चाळले. दोन वाक्ये सापडली. उरलेली तीन त्याने स्वतःच्या हाताने खोडली. "पण सर, ती चांगली होती ना?" त्याचा स्वर कातर झाला होता. वाक्ये चांगली होती. परंतु चांगले असणे आणि बाबासाहेबांचे असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

त्याच्यावर रागावण्याचा अधिकार मला नव्हता. एम.ए.ला असताना मीही एका गाइडमधील चार पाने जशीच्या तशी उतरवून दिली होती. गुण उत्तम मिळाले. पुढे वर्गात त्यातील एका विधानाचा आधार विचारला गेला आणि मी खाली मान घालून उभा राहिलो. ते ज्ञान माझे नव्हतेच; केवळ हस्ताक्षर माझे होते.

याउलट बाबासाहेबांकडे पाहा. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवरचा निबंध वाचला. पुढे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी'त प्रसिद्ध झाला. त्यात सेनार्ट, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्री. व्यं. केतकर यांच्या जातीच्या व्याख्या त्यांनी प्रथम त्यांच्या नावानिशी मांडल्या आणि मगच तपासल्या. केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे, म्हणजे जातीबाहेर विवाहाला बंदी आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व, ही वस्तुतः एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, असे त्यांनी दाखवून दिले. ज्याचे मत खोडायचे त्याचेही नाव आणि म्हणणे प्रामाणिकपणे सांगायचे, ही त्यांची रीत होती. म्हणूनच त्यांचा युक्तिवाद आजही उभा आहे.

आपल्या भिंतींवर 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' असे लिहिलेले असते. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या इंग्रजी ब्रीदात मात्र शिक्षणानंतर चेतवणे येते आणि संघटन शेवटी. क्रम बदलला की अर्थाची वाटही बदलते. हे सांगितल्याने बाबासाहेबांचा अनादर होत नाही. त्यांचा शब्द जसाच्या तसा जपणे हीच निष्ठा आहे.

ही दृष्टी धम्मातही आहे. महापरिनिब्बान सुत्तात भगवंतांनी भोगनगर येथे चार महापदेश सांगितले. 'हे मी प्रत्यक्ष भगवंतांच्या मुखातून ऐकले', असे कोणी म्हटले, तरी ते लगेच स्वीकारू नये आणि धिक्कारूही नये. सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे. बुद्धांच्या नावावर सांगितलेलेही तपासायचे, तर मोबाइलवरचा मजकूर तपासण्यात संकोच कसला?

म्हणून विद्यार्थ्यांनो, टिपण काढताना लेखक, ग्रंथ, वर्ष आणि पृष्ठ त्याच वेळी लिहून ठेवा. दुसऱ्याचे शब्द घेतले तर अवतरणचिन्हे द्या. स्वतःच्या शब्दांत लिहायचे असेल तर पुस्तक मिटून लिहा. तरीही विचार ज्याचा, त्याचे नाव सांगा. आणि साधने केवळ कपाटात नसतात. १४ ऑक्टोबर १९५६ च्या आठवणी सांगणारे आजी-आजोबा तुमच्या घरी असतील, तर त्यांचे नाव, गाव आणि ऐकल्याची तारीख घालून त्या लिहून घ्या. शतकानुशतके ज्यांच्या हाती लेखणीच येऊ दिली नाही, त्यांचा इतिहास असाच उभा राहणार आहे. त्यातील एक खोटे वाक्य शंभर खऱ्या वाक्यांवर संशय आणते.

त्या विद्यार्थ्याचा निबंध अखेर तीन वाक्यांनी लहान झाला. त्याला बक्षीस मिळाले नाही. परंतु उरलेल्या दोन्ही अवतरणांखाली खंड आणि पृष्ठ नोंदवलेले होते, आणि परीक्षकांच्या प्रश्नाला त्याने मान वर करून उत्तर दिले. शेलूबाजारच्या या विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची मान अशीच ताठ राहावी. पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एवढीच विनंती, की घरीही प्रेमाने विचारत चला : "बाळा, आधार कुठे आहे?"

जय भीम!