तारीख वाढते, सर!

गावचा न्हावी, घरचा वैद्य आणि शेजारचा पोलीस, या तिघांशी माणसानं कधी वाकडं घेऊ नये, असं आमचे वडील म्हणत. त्यांच्या काळी इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून देणारा माणूस मध्यमवर्गीयांच्या आयुष्यात आलेला नव्हता, म्हणून यादी तिघांवर थांबली. न्हावी अर्धी दाढी ठेवून उठला तर उरलेली अर्धी घरी करता येते. रिटर्नवाला अर्ध्यावर उठला, तर उरलेलं अर्धं कुठं आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं.

माझा रिटर्नवाला अकोल्याला आणि मी अमरावतीला. नोकरीची बरीच वर्षं अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर आम्ही अमरावतीच्या वडिलोपार्जित घरी आलो. सामान सगळं आलं, रिटर्न तेवढं तिकडं राहिलं. कारण रिटर्नवाला माझा जुना विद्यार्थी. तो वकील नाही, चार्टर्ड अकाउंटंटही नाही. पण आमच्या वऱ्हाडात इन्कम टॅक्सचे कागद भरणाऱ्याला वकीलसाहेबच म्हणतात. शाळेत गृहपाठ विचारला की हा उभा राहून सांगायचा, "सर, झालं आहे, वही घरी राह्यली." गणितात हुशार होता, म्हणून मी सोडून द्यायचो. तेव्हा दोन छड्या दिल्या असत्या तर आज हा लेख लिहावा लागला नसता. आता तो म्हणतो, "सर, झालंच आहे, फाइल घरी राह्यली."

मग दुसरा माणूस का पाहत नाही, असं तुम्ही विचाराल. आमच्या घरी हे रोज विचारतात. त्याचं असं, की मी निवृत्त झालो तेव्हा माझ्या सेवापुस्तकात एका अख्ख्या वर्षाची नोंदच सापडेना. पेन्शन अडकली. त्या वेळी याच माणसानं स्कूटरवर चकरा मारमारून ते वर्ष शोधून काढलं आणि एक रुपया घेतला नाही. ज्यानं आपलं हरवलेलं वर्ष परत आणून दिलं, त्याला दोनचार महिन्यांवरून कसं बोलावं? चिरंजीव पुण्याहून फोनवर सांगतात, "बाबा, पंधरा मिनिटांचं काम आहे. मी इथून भरतो." भरेल, शंकाच नाही. पण त्यासाठी आपल्या ठेवींचा आकडा मुलाला कळू द्यावा लागतो. तो फार मोठा आहे असं त्याला वाटतं. लहान आहे हे कळलं तर आपली किंमत जाईल, असं मला वाटतं.

तर २०२२ सालची गोष्ट. एप्रिलमध्ये बॅगेत कागद भरून मी अकोल्याला गेलो. घाम पुसत त्याच्यासमोर बसलो.

"काहून सर, एवढ्या उन्हात कायले आले?"

"अरे, रिटर्न!"

"त्याले अजून लय टाइम आहे. ३१ जुलै. अन् तारीख वाढते, सर. दरसाल वाढते."

खोटं बोलत नव्हता. २०१८ साली तारीख ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, २०१९ साली पुन्हा ३१ ऑगस्टपर्यंत. २०२० साली करोना आला आणि ती पुढच्या वर्षीच्या जानेवारीत गेली. २०२१ साली डिसेंबरअखेर. गृहपाठ न करणाऱ्या मुलांना सरकारच असं लाडावून ठेवणार, तर मास्तरनं काय करावं?

तसा या कराचा जन्मच विचित्र. १८६० साली जेम्स विल्सन नावाच्या गृहस्थानं तो हिंदुस्थानात आणला. हे गृहस्थ मूळचे टोप्यांचे कारखानदार. सगळ्या देशाला टोपी घालण्याचा अधिकार त्यांच्याइतका रीतसर कोणाचाच नव्हता. २४ जुलैला कायदा झाला आणि ११ ऑगस्टला विल्सनसाहेब कलकत्त्यात वारले. म्हणजे कर लावला आणि स्वतःचं रिटर्न भरायची वेळ येण्याआधीच निघून गेले. आमच्या वकीलसाहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पाह्यलं सर? घाई करू नये."

मे महिन्यात मी पुन्हा गेलो. गाडी मूर्तिजापूरला थांबली की मला शकुंतला आठवते. यवतमाळ आणि अचलपूरकडं जाणारी ही अरुंद गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली. तिच्या वेगाबद्दल वऱ्हाडात किती विनोद झाले असतील त्याला हिशेब नाही. आता तिचं धावणं थांबलं आहे. पण वेग वाया गेला नाही. तो अकोल्याला आमच्या वकीलसाहेबांच्या ऑफिसात सुरक्षित आहे.

आणि मग जूनमध्ये तो रस्ता झाला. अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर लोणी ते माना या टापूत ७५ किलोमीटर लांबीची डांबरी लेन सलग १०५ तास ३३ मिनिटांत घातली गेली. ३ जूनच्या सकाळी सुरुवात, ७ जूनच्या संध्याकाळी काम फत्ते. ७२० माणसं रात्रंदिवस राबत होती. गिनेस बुकात नोंद झाली, आधीचा कतारचा विक्रम मागं पडला. वऱ्हाडात कुठलीही गोष्ट वेळेआधी होऊ शकते यावर माझा प्रथमच विश्वास बसला. मी पेपर मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्या सौभाग्यवती गहू निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं,

"रस्ता झाला म्हणता. रिटर्न झालं का?"

त्यांचाही जीव त्यात अडकला होता. बँकेनं आमचा कर जरा जास्तच कापला होता आणि त्यातले वीसेक हजार परत मिळायचे होते. त्या पैशांचा नवा कूलर यायचा होता. वऱ्हाडातल्या मे महिन्यात जुन्या कूलरखाली झोपलेल्या बाईला विल्सनसाहेबाचा इतिहास सांगून उपयोग नसतो.

जुलै उजाडला. एप्रिलमध्ये मी त्याला 'तू' म्हणत होतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात 'अरे बाबा' म्हणू लागलो आणि पंचवीस तारखेला फोनवर माझ्याच तोंडून "वकीलसाहेब, तुमची तब्येत बरी आहे ना?" असं निघालं. तारीख वाढल्याची बातमी काही येईना. उशीर झाला तर पाच हजार दंड. ३१ तारखेला रविवार होता. मी बॅग उचलली आणि चौथ्यांदा अकोला गाठलं.

ऑफिसात यात्रा भरली होती. आडतवाले, औषधवाले, दोन निवृत्त तलाठी, सगळे आपापली फाइल छातीशी धरून. वकीलसाहेबांच्या समोरच्या खुर्चीत एक वयस्क बाई बसल्या होत्या, मांडीवर पिशवीभर कागद. यजमान त्याच वर्षी गेलेले. पैशाचं सगळं तेच पाहायचे. हिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं पासबुक उघडलं होतं. बाहेर चाळीस माणसं खोळंबली असताना हा बाबा त्यांना एकेक आकडा बोट ठेवून दाखवत होता. "हे तुमची पेन्शन, माय. हे व्याज. हे इकडून आलं. समजलं का? नाही समजलं तर पुन्हा सांगतो." पुन्हा सांगितलंही. मी घड्याळाकडं पाहायचं थांबवलं. वर्गात मी किती पोरांना पुन्हा सांगितलं होतं, याचा हिशेब मनातल्या मनात करू लागलो. फार भरला नाही.

रात्री दहाला माझी फाइल निघाली. चार मिनिटांत तो म्हणाला, "सर, पोस्टाच्या व्याजाचा दाखला कुठी आहे?"

"तुला दिला की एप्रिलमध्ये!"

"नाही सर."

"मग आधी का नाही मागितला?"

तो खाली पाहून म्हणाला, "फाइल आजच उघडली, सर." मग हळूच, "बॅग पाहू का?"

बॅगेच्या आतल्या कप्प्यात दाखला होता. एप्रिलमध्ये सौभाग्यवतींनी घातलेला, घडीही न मोडलेला. चार वेळा अकोल्याला येऊन तीन वेळा अमरावतीला परत गेलेला. तो काही बोलला नाही. वही घरी विसरणाऱ्या पोराकडं मी जसा पाहायचो, तसा फक्त पाहिला.

शेवटी आधारच्या फोनवर सहा आकडे येतात, ते भरले की काम संपतं. आधारला जोडलेला फोन अमरावतीला, सौभाग्यवतींच्या उशाशी. रात्री अकरा वाजता मी फोन केला.

"अगं, सहा आकडे आले असतील, ते सांग."

"तुम्हीच सांगितलंय, ते आकडे कोणाला सांगायचे नाहीत."

"मीच बोलतोय!"

"चोरही असंच म्हणतात. लग्नाची तारीख सांगा."

मी वकिलाकडं पाहिलं. वकिलानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं आणि कुजबुजला, "सर, ही तारीख वाढत नाही."

मी एक तारीख सांगितली. चुकली. दुसरी सांगितली. पलीकडं क्षणभर शांतता. मग आवाज आला, "तुम्हीच आहात. घ्या लिहून."

अकरा वाजून बावीस मिनिटांनी रिटर्न गेलं. तारीख वाढली नाही. त्या एका रविवारी देशभरातून ७२ लाख ४२ हजार रिटर्नं भरली गेली, हे नंतर वाचलं आणि वाटलं, वही घरी राहिलेला वर्ग बराच मोठा आहे. रात्री त्याच्याच घरी पिठलं-भाकरी खाऊन झोपलो, सकाळी त्या विक्रमी रस्त्यानं एसटीनं परत आलो. पैसे आले. कूलर दिवाळीत आणला. दिवाळीला कूलर घेणारं अमरावतीत आमचं एकच घर असावं.

त्यानंतर मी शहाणा झालो. दर एप्रिलला बॅग स्वतः उपसून पाहतो. २०२५ सालीही सगळे कागद क्रमानं लावून अकोल्याला निघायच्या तयारीत होतो. २७ मेच्या संध्याकाळी फोन वाजला. आवाजात दहावीचा निकाल लागल्याचा आनंद होता.

"सर, वाढली! १५ सप्टेंबर! मी म्हनत नव्हतो?"

मी बॅग परत माळ्यावर ठेवली. सप्टेंबरच्या १५ तारखेला सरकारनं आणखी एक दिवस वाढवून दिला.

आमचं रिटर्न त्या दिवशी गेलं.