दोन लाख चौदा हजार

माणसाची चाळिशी उलटली की दोन गोष्टी हटकून होतात. डॉक्टर त्याला रोज चालायला सांगतात, आणि त्याला मोटार घ्यावीशी वाटते. मी डॉक्टरांचे अजून ऐकलेले नाही.

बरे, मोटार घ्यायचीच तर चार माणसांसारखी घ्यावी. आमच्या वाशिमात माझे घर ते कॉलेज हे अंतर तीन किलोमीटर. वाटेत चार गतिरोधक, एक भाजीबाजार आणि रस्त्याच्या मधोमध रवंथ करीत बसलेली एक गाय. एवढ्या प्रवासाला दीडशे अश्वशक्तीची गाडी म्हणजे मुंगी मारायला तोफ! पण माझे मन जडले होते ते नेमके अशाच एका तोफेवर. तिचे नाव स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस.

हे प्रेम जुने आहे. २००४ साली ही गाडी आपल्याकडे आली. त्या सुमारास मी नुकताच एम. ए. होऊन तासिका तत्त्वावर शिकवीत होतो; म्हणजे तास झाला तर पैसे, नाही तर हरी हरी! एकदा अकोल्याला एस. टी.ची वाट पाहत उभा असताना ती माझ्यासमोरून गेली. दिसायला शांत, संसारी. पण बॉनेटखाली १.८ लिटरचे टर्बो इंजिन. त्या वेळच्या मारुती ८०० ची शक्ती सुमारे ३७ अश्व होती. म्हणजे चार मारुत्या हिच्या एकटीच्या पोटात! आणि ऑक्टाव्हियाचा कारखाना कुठे, तर आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या शहराजवळ, शेंद्र्याला. मुलगी शेजारच्या मुलखातली, पण घराणे मोठे! मी निमूटपणे एस. टी.त चढलो. विषय तिथेच संपला, असे मला वीस वर्षे वाटत होते.

गेल्या वर्षी पगाराच्या थकबाकीचा शेवटचा हप्ता हाती आला आणि तो पुन्हा निघाला.

“अहो, ते पैसे गच्चीवरच्या खोलीचे आहेत ना?” सौभाग्यवतीने विचारले. आमची मुलगी यंदा दहावीला आहे आणि दिवाणखान्याच्या कोपऱ्यात बसून अभ्यास करते. मी गप्प राहिलो. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ तिला वीस वर्षांत चांगला कळू लागला आहे. दोन दिवसांनी तीच म्हणाली, “खोली वर्षभर थांबेल. पण गाडीचं जे काही असेल ते मला खरं खरं सांगायचं.”

मी तत्काळ कबूल केले. अशा अटी पाळायला किती कठीण असतात, ते कबूल करताना कधीच कळत नाही.

पहिली गाडी एका जुन्या मोटारींच्या व्यापाऱ्याकडे पाहिली. रंग चकचकीत, आत अत्तराचा घमघमाट, आणि मीटर फक्त ५८,०००! माझा हात चेकबुकाकडे गेलाच होता. पण आमचे मिस्त्री बरोबर होते. ते खाली वाकले आणि त्यांनी ब्रेकच्या पायपट्टीवर बोट ठेवले.

“सर, हे रबर पाहा. साठ हजारात असं घासत नाई. इतकं घासाले दोन लाख लागते.”

मग त्यांनी गुळगुळीत झालेले स्टिअरिंग दाखवले, चालकाच्या आसनाची खचलेली कड दाखवली. “मीटरचं काय? लॅपटॉप लावला का मांगं जाते. पायपट्टीले कोन सांगते खोटं बोल म्हनून?”

मी नकळत कानशिलावरून हात फिरवला. कालच कलप लावला होता.

दुसरी गाडी जिल्ह्यातल्याच एका निवृत्त डॉक्टरांची. दृष्टी अधू झाली म्हणून ते विकत होते. तिचे मीटर २,१४,००० दाखवीत होते. पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे ही पृथ्वीला पाच प्रदक्षिणा घालून सहावीला निघालेली. चंद्राची अर्धी वाट तिने कधीच ओलांडली होती! मी काढता पाय घेणार, तोच डॉक्टरांनी तीन वह्या पुढे केल्या. प्रत्येक तेलबदल, प्रत्येक टायर, प्रत्येक पंक्चर, तारीख आणि किलोमीटरसह, निळ्या शाईत! एका पानावर एवढेच होते: ‘डाव्या दारावर चरा. चूक माझी.’

मी त्या पाच शब्दांपुढे हरलो. आरटीओत फॉर्म २९ आणि ३० भरले आणि गाडी माझी झाली.

वह्यांच्या खरेपणाचा पहिला फटका मात्र मलाच बसला. ‘टायमिंग पट्टा बदलला – १,१८,०००’ अशी शेवटची नोंद होती. हा पट्टा इंजिनातल्या झडपा आणि दट्टे यांचा ताल सांभाळतो. तो चालत्या गाडीत तुटला तर दट्टे झडपांवर आदळतात आणि इंजिनाचा निकाल लागतो. लाखभर किलोमीटरांच्या आत तो बदलणे भाग. पट्टा, त्याबरोबर पाण्याचा पंप आणि क्लच, असा सगळा मिळून खर्च आला ४२,००० रुपये.

“किती झाले हो?” तिने विचारले.

“बावीस हजार,” मी म्हणालो. लॅपटॉपसुद्धा लागला नाही.

११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, आणि आमच्या जिल्ह्यालाही तो लांबच लांब रस्ता लाभला. एका रविवारी संध्याकाळी आम्ही दोघे शेलूबाजाराकडून त्यावर चढलो. वेगाची मर्यादा १२०. तिथवर ती अशी सहज पोहोचली, की सौभाग्यवतीने दोन्ही हातांनी आसन धरले आणि लहान मुलीसारखी हसली. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापल्या धुराने एक चक्र फिरते आणि ते इंजिनात जादा हवा कोंबते. टर्बो म्हणतात तो हाच. म्हणून अशी गाडी पळवून आणल्यावर लगेच बंद करू नये. मिनिटभर तशीच चालू ठेवावी, म्हणजे तेल फिरत राहते आणि ते चक्र निवते.

घराशी आलो. मी किल्लीला हात घातला.

“मिनिटभर थांबायचं ना?” ती म्हणाली.

आम्ही तसेच बसून राहिलो. समोरच्या खिडकीत दिवाणखान्याचा कोपरा दिसत होता. मुलगी कानांत बोटे घालून काहीतरी पाठ करीत होती. कारण शेजारच्यांचा टीव्ही मोठ्याने चालू होता. ते मिनिट फार लांबले.

“पट्ट्याला बावीस नाही, बेचाळीस हजार लागले,” मी म्हणालो. “चूक माझी.”

“माहीत आहे. पासबुक भरून मीच आणते.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“म्हटलं, मीटर आपणहून पुढे येतं का पाहू.” ती दार उघडून उतरली आणि पुन्हा आत वाकली. “आणि हो, तो कलपही आता पुरे.”

मी इंजिन बंद केले.

त्या रात्री गाडीसाठी चौथी वही घातली. पहिली नोंद माझी: ‘पट्टा बदलला – २,१४,०००. खर्च ४२,०००.’ सकाळी पाहतो, तर तिच्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात एक ओळ वाढली होती: ‘गच्चीवरची खोली – पाडव्यापासून काम सुरू.’