वरकुट्याची वाट आणि आमची हायब्रिड

आमचे मूळ गाव वरकुटे, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे. तालुक्यात या नावाची दोन गावे आहेत, एक खुर्द आणि एक बुद्रुक. नवा पाहुणा हमखास चुकीच्या वरकुट्यात उतरतो. मग तिथलेच कोणी तरी त्याला मोटारसायकलवर बसवून आमच्या दारात आणून सोडते आणि चहा न घेता परत जाते.

आम्ही पुण्यात कोंढव्याला राहतो. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. गावी अम्मा एकटीच असते. अब्बांचा धंदा पानांचा. निमगाव केतकीचा पानबाजार आमच्या भागात प्रसिद्ध आहे. तिथून पाने आणून अब्बा सायकलवर बाजार करत. त्यांना जाऊन पाच वर्षे झाली. अम्माने शहरात यावे म्हणून आम्ही भावंडांनी खूप विनवले. तिचे उत्तर ठरलेले, “तुमचे अब्बा इथे कबरस्तानात आहेत. मी तिकडे काय करू?”

तीन वर्षांपूर्वी आम्ही गाडी घ्यायचे ठरवले. व्याजाचे कर्ज काढायचे नाही, हे घरात आधीपासून ठरलेले होते. थोडी शिल्लक होती. मेहुण्यांनी कर्ज-ए-हसना म्हणून काही रक्कम दिली. तरीही साठ हजार कमी पडत होते. अम्माने दावणीची शेवटची म्हैस विकली आणि पैसे रुमालात बांधून आमच्या हातावर ठेवले. वर एक अट घातली, “महिन्यातून एकदा गाडी माझ्या दारात लागली पाहिजे.” आम्ही हसत हसत कबूल केले.

गाडी घेतली ती वापरलेली, 2019 सालची, छोटी, मागे ‘हायब्रिड’ अशी पट्टी असलेली. विकणारा म्हणाला, “सर, ही अर्धी बॅटरीवर चालते. लिटरला तीस कुठे गेले नाहीत.” वरकुट्याची फेरी जाऊन-येऊन सुमारे 280 किलोमीटर. तीसच्या हिशेबाने हजार रुपयांत जाणे-येणे होईल, असे आम्ही वहीत मांडले. त्या आकड्यावर विसंबूनच आम्ही अम्माला शब्द दिला होता.

पहिल्याच फेरीत हिशेब फसला. हडपसर, लोणी काळभोर, यवत, पाटस, कुरकुंभ, भिगवण असा सोलापूर रस्ता. गाडी उत्तम धावली, कुठे कुरकुर नाही. पण परत आल्यावर टाकी पुन्हा काठोकाठ भरून मोजले तर लिटरला वीस पडले होते. म्हणजे फेरीला चौदा लिटर, साधारण दीड हजार रुपये, आणि टोल वेगळा. दोष गाडीचा नव्हता. न विचारता विश्वास ठेवणाऱ्या आमचाच होता.

मग शिक्षकाच्या सवयीने आम्ही अभ्यासाला बसलो. हायब्रिड म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर यांची जोडी. 1997 मध्ये जपानमध्ये टोयोटाची प्रियस आली आणि हा प्रकार जगाला ठाऊक झाला. त्यात दोन जाती आहेत. पक्क्या हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी असते आणि काही अंतर गाडी नुसत्या मोटरवर चालते. आपल्याकडे 2022 मध्ये होंडा सिटी, मारुतीची ग्रँड विटारा, टोयोटाची हायरायडर या गाड्या तशा आल्या. त्या मोठ्या आहेत आणि आमच्या पगाराच्या बाहेरच्या. जपान-युरोपात छोट्या गाड्याही पक्क्या हायब्रिड मिळतात.

दुसरी जात सौम्य हायब्रिडची. एप्रिल 2019 मध्ये मारुतीने बलेनोच्या एका प्रकारात ती दिली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये टोयोटाच्या ग्लान्झामध्येही ती आली. आमची गाडी याच जातीची. तिच्यात नेहमीच्या बॅटरीबरोबर लिथियमची एक छोटी बॅटरी असते. मोटर एकच, पण तिला तीन कामे. सिग्नलला गाडी थांबवून न्यूट्रल केली आणि क्लच सोडला की इंजिन बंद होते. क्लच दाबला की ही मोटर ते चटकन सुरू करते. वेग कमी करताना वाया जाणाऱ्या जोरातून ती थोडी वीज साठवते. पुन्हा वेग घेताना त्याच विजेने इंजिनाला हातभार लावते. पण नुसत्या मोटरवर ही गाडी एक पाऊलही चालत नाही. चाचणीत या गाड्यांचा आकडा लिटरला 23.87 किलोमीटर होता. चाचणीचा आकडा रस्त्यावर क्वचितच मिळतो, हे सगळ्याच गाड्यांचे आहे. तीस मात्र कोणीच सांगितले नव्हते, विकणारा सोडून.

यातून एक गोष्ट उलगडली. महामार्गावर गाडी एकाच वेगाने धावते. ब्रेक नाही, थांबा नाही, मग वीज साठणार कुठून आणि इंजिन बंद होणार कधी? ही गाडी शहराची. फातिमानगर, रामटेकडी, गाडीतळ इथल्या गर्दीत ती आपली कमाई करते. आमच्या एका सहकाऱ्याची तशाच इंजिनाची साधी गाडी शहरात लिटरला तेरा देते, आमची पंधरा. शाळेचे जाणे-येणे अठरा किलोमीटर, महिन्याला चोवीस दिवस. हिशेब केला तर महिन्याला साडेचार लिटरच्या आसपास वाचते, म्हणजे साडेचारशे रुपये. उन्हाळ्यात त्याहून कमी, कारण इंजिन बंद झाले की एसीचा गारवाही ओसरतो आणि थोड्या वेळाने इंजिन आपोआप सुरू होते.

साडेचारशे रुपयांत वरकुट्याची फेरी होत नाही. लेकीच्या क्लासची फी आली आणि आमचा एक महिना चुकला. मग दुसराही चुकला. फोनवर अम्मा काही बोलली नाही. फक्त म्हणाली, “दारात शेणाचा सडा घातला होता. वाळून गेला.” त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. म्हैस तिने विकली होती आणि शब्द आम्ही दिला होता.

गेल्या हिवाळ्यात शेवटी गेलो. भिगवणजवळ उजनीचे पाणी लागले. भीमेवरचे हे धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. किती तरी गावे त्यात गेली, आणि उरलेल्या शिवारात ऊस आला. पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर दिसू लागते. थंडीत इथे रोहित पक्षी येतात. लेकीने गाडी थांबवायला लावली, आणि पाण्यावर गुलाबी रांग पाहून आम्ही सारेच गप्प झालो. पुढे महामार्ग सोडून आतल्या रस्त्याला वळलो. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये उसाच्या ट्रॉल्यांची रांग. त्यांच्यामागे गाडी थांबत, सरकत निघाली आणि इंजिन मिटू-उघडू लागले.

अम्मा दारातच बसली होती. दुपारी तिला घेऊन कबरस्तानात गेलो, फातिहा पढलो. परत येताना एका ट्रॉलीमागे गाडी थांबली आणि इंजिन बंद झाले. अम्मा दचकली. “गाडी बंद पडी क्या?”

आम्ही समजावले. थांबल्यावर पेट्रोल जाळायचे नाही म्हणून ती स्वतःच बंद होते. अम्मा जरा विचार करून म्हणाली, “म्हणजे भाकरी उतरली की चुलीतलं लाकूड बाहेर ओढतो, तसं. यात नवीन काय?” एवढा अभ्यास करून आम्हाला इतके सोपे सांगता आले नव्हते.

रात्री दस्तरखानावर आम्ही सगळा हिशेब तिच्यापुढे मांडला. तीस नाही, वीस. हजार नाही, दीड हजार. माफी मागितली. ती म्हणाली, “मी गाडी दारात मागितली ती गाडीसाठी होय? एसटीनं आलात तर मी दार लावून घेणार होते का?” मग लेकीने आठवण केली की ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि मार्च 2023 पासून सर्व स्त्रियांना निम्मे तिकीट. अम्माचे आधार कार्ड काढले. पंचाहत्तर पूर्ण होऊन चार महिने झाले होते. अम्मा कार्डाकडे बघत राहिली. “म्हणजे मी फुकटात पुण्याला येऊ शकते? मग इतके दिवस कोणी बोललं का नाही?”

पुढच्या महिन्यात स्वारगेटहून फोन आला. “मी उतरलेय. न्यायला या.” सोबत शेजारच्या काकू होत्या, त्यांचे निम्मे तिकीट. पिशवीत ज्वारीचे पीठ आणि निमगावची पाने. स्वारगेट ते कोंढवा म्हणजे सिग्नलच सिग्नल. सेव्हन लव्ह्ज चौकात इंजिन मिटले, तेव्हा अम्मा काकूंना ऐटीत म्हणाली, “बंद पडली नाही. लाकूड ओढलंय.”

आता एक महिना आम्ही जातो, एक महिना ती येते, चार दिवस राहते आणि जुम्म्याच्या आत परत जाते. शहरात वाचलेले साडेचारशे आम्ही दर महिन्याला एका डब्यात टाकतो. दोन महिन्यांचे नऊशे होतात, वरचे आम्ही घालतो, आणि वरकुट्याची फेरी निघते. म्हशीचे साठ हजारही थोडे थोडे करून परत द्यायला घेतले आहेत. अम्मा नको म्हणते, आणि घेतेही.

वाचकांपैकी कोणी अशी गाडी पाहत असतील तर तीन गोष्टी सांगतो. ती नुसत्या मोटरवर चालते का, हे आधी विचारा. नाही म्हटले तर ती सौम्य हायब्रिड. लिथियमची छोटी बॅटरी कधी बदलावी लागली तर किती खर्च येईल, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून घ्या. आणि तुमचा रोजचा रस्ता सिग्नलचा आहे की मोकळा, हे पाहा. मोकळ्या रस्त्यासाठी त्या पट्टीचे जादा पैसे देऊ नका. विकणाऱ्याच्या तोंडचा आकडा वहीत लिहिण्याआधी टाकी भरून स्वतः मोजा. त्या आकड्यावर घरच्यांना शब्द द्यायचा तर मोजल्यानंतरच द्या.