काकांचं रक्त

ताईचं लग्न ठरता ठरता मोडलं. मुलाकडून निरोप आला: ‘मुलगी चांगली आहे हो, पण तुमच्या रक्तात ते आहे.’

‘ते’ म्हणजे माझे धाकटे काका. विशीत त्यांना आवाज ऐकू यायला लागले. जोयड्याहून धारवाडला नेलं, तेव्हापासून गोळ्या चालू आहेत. रानातली कंदमुळं आमच्या वाड्यावर त्यांच्याइतकी कुणाला ओळखता येत नाहीत. पण स्किझोफ्रेनिया हा शब्द घरात कुणी उच्चारत नाही.

जनुकशास्त्राच्या तासाला मॅडमनी फळ्यावर चार चौकोन काढले. इकडे रुग्ण, तिकडे निरोगी. वर जनुकाचं एखादं रूप असलेले, खाली नसलेले. रुग्णांत ते जास्त सापडलं तर आजाराशी त्याचा संबंध असू शकतो. मी विचारलं, आमच्या तालुक्यात हे करता येईल? त्यांनी उलट विचारलं, तिथं कोण कोण राहतं?

कुणबी, सिद्दी, बरेच.

“मग समज, रुग्ण सगळे कुणबी घेतलेस आणि निरोगी सगळे सिद्दी. सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेतले. कितीतरी जनुकरूपांचं प्रमाण दोघांत मुळातच वेगळं. आजाराशी काही देणंघेणं नसलेलं रूपही तुला दोषी दिसेल.”

म्हणून एकाच समाजातले रुग्ण आणि निरोगी घ्यायचे, आणि तेही भरपूर. तमिळनाडूतल्या, 2019 साली छापून आलेल्या अभ्यासात सुमारे तीन हजार माणसं होती. 2022 च्या जागतिक अभ्यासात 76,755 रुग्ण आणि 2,43,649 निरोगी. त्यातून जनुकसंचातल्या 287 जागा हाती आल्या. त्यातली बहुतेक रूपं एकेकटी धोका अगदी किंचित वाढवतात, आणि निरोगी माणसांतही ती सर्रास असतात. म्हणजे नवऱ्या मुलाच्या घरातही. (हे वाचून मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?)

पण रक्ताचा काहीच संबंध नाही, असंही म्हणता येत नाही. एरवी शंभरात सुमारे एकाला होणारा हा आजार रुग्णाच्या पुतण्या-भाच्यांत शंभरात तीन-चार जणांना होतो. सुट्टीत हे ताईला सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “तीन-चार? मला वाटलं होतं निम्मे तरी असतील.”

काका पडवीत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं.

“माझं पण रक्त घेतील का गं ते?”

“विचारलं तर द्याल?”

“सुई बारीक असली तर.”