‘समजलं का?’ आणि ‘हौ’

गेल्या रमजानमध्ये अम्मीच्या पायाची जखम चिघळली. साखर वाढलेली, म्हणून सरकारी दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे सकाळी नर्सिंगच्या विद्यार्थिनी यायच्या. हातात वही, मागे त्यांच्या मॅडम. मला माझे बी.एड.चे पाठ आठवले. शेवटच्या बाकावर निरीक्षक बसलेले आणि आपलं लक्ष मुलांपेक्षा त्यांच्या पेनाकडे!

या मुलींचंही तसंच. “आजी, नाश्ता झाला? गोळी घेतली? समजलं का?” सगळं एका दमात. अम्मीचं प्रत्येकाला उत्तर, “हौ बेटा.” वहीत खूण, की पुढची खाट.

खरं तर मला हे ओळखता यायला हवं होतं. ‘समजलं का?’ विचारलं की सगळा वर्ग ‘हो’च म्हणतो.

चौथ्या दिवशी त्यांतलीच एक मुलगी स्टूल ओढून बसली. खेड्यातली मराठी, उर्दूचा गंध नाही. तिने विचारलं, “दादी, आज सकाळी काय खाल्लं?”

याला ‘हौ’ चालत नव्हतं. अम्मी अडखळली. थोड्या वेळाने उशीखालचा रुमाल निघाला, त्यात गोळ्या. नाश्ता शेजारच्या बाईला जात होता. अम्मी गुपचूप रोजे धरत होती.

मी चिडले. “बीमार को छूट है, कुरआन में है, तुमको मालूम नै क्या?” तिला माहीत होतंच. लहानपणी तिनेच मला ते सांगितलं होतं.

मुलीने मला थांबवलं नाही. माझं संपल्यावर हळूच विचारलं, “मग का धरला, दादी?”

“अगला रमजान मिलता की नै मिलता, बेटा.”

मी सूरे बकराचा हवाला दिला होता, हा प्रश्न मात्र विचारला नव्हता. मुलगी ‘असं बोलू नये’ म्हणाली नाही. हात धरून बसली. मग म्हणाली, “हे मी सिस्टरांना सांगणार, लपवणार नाही.” औषध चालू असताना उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरू शकते, हेही सांगितलं. शेवटी म्हणाली, “आता तुम्ही मला सांगा, घाम सुटला, हात थरथरले तर काय करायचं?” अम्मीने सांगितलं. चुकलं तिथे मुलीने पुन्हा समजावलं.

हजरत रुफैदा यांची गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते. मदीनेत मशिदीजवळ त्यांचा तंबू होता. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद बिन मुआज यांची शुश्रूषा तिथेच झाली. मुलांना मी जखमा आणि मलमपट्टीबद्दल सांगायचे. त्या तंबूत जखमींचं ऐकून घेणारंही कुणी असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी अम्मीने पाणी मागितलं. म्हणाली, “फिदया देऊन टाक. आणि त्या पोरीला ईदला शीरखुर्मा.”

शाळा सुरू झाल्यापासून मी ‘समजलं का?’ विचारणं बंद केलंय. अधूनमधून तोंडातून निघतं. मग वर्ग ‘हो’ म्हणतो आणि मला उशीखालचा तो रुमाल आठवतो.